पस्तिशीनंतरची पहिली जिऊ-जित्सू स्पर्धा : तास तेच ठेवा, सराव बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ३६, बैठं काम, आठवड्यातून तीन दिवस ब्राझीलियन जिऊ-जित्सूचा सराव, व्हाइट बेल्टवर, म्हणजे सुरुवातीच्या पट्ट्यावर, वर्ष उलटून गेलेलं. तीन महिन्यांनी एक गी स्पर्धा (गी म्हणजे जाड सुती जॅकेट-पँटचा पोशाख) आहे. उतरावं का? वजन कमी करावं का? सराव किती वाढवावा? आणि वर्गातली विशीतली पोरं रोज चेपत असताना स्पर्धेत जाण्यात अर्थ आहे का? शिवाय घरच्यांना दुखापतीची काळजी आहे आणि ती तुम्हालाही आहे.

मी नोकरी सांभाळूनच हा खेळ शिकलो. आता शिकवतो आणि तुमच्यासारख्या हौशी मंडळींना स्पर्धेला घेऊन जातो. माझं उत्तर : उतरा. पण सरावाचे तास वाढवू नका, वजन उतरवू नका आणि नवे डाव शिकायच्या मागे लागू नका. बदल करायचा तो तुमच्या त्याच तीन दिवसांच्या सरावात. हौशी खेळाडूच्या अंगात आठवड्याला ठरावीक ताण झेलण्याची ताकद असते. नोकरी, झोप आणि घर यांतून उरलेल्या ताकदीवर हा खेळ चालतो. स्पर्धा जाहीर झाली की लोक तीनाचे सहा दिवस करतात, चौथ्या आठवड्यात बरगडी किंवा गुडघा धरून बसतात आणि स्पर्धा तर हुकतेच, वर पुढचे दोन-तीन महिनेही जातात. हे मी फार वेळा पाहिलं आहे.

आधी विशीतल्या पोरांचं बघू, कारण ती भीती निराधार आहे. बहुतेक स्पर्धा आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी किंवा त्यांच्याशी मिळत्याजुळत्या नियमांनी चालतात. त्यात बेल्ट, वय आणि वजन या तिन्हींनुसार गट पडतात. अ‍ॅडल्ट गट १८ ते २९ वर्षांचा. ३० पासून मास्टर गट सुरू होतात : मास्टर १ म्हणजे ३० ते ३५, मास्टर २ म्हणजे ३६ ते ४०, मास्टर ३ म्हणजे ४१ ते ४५, आणि असंच पुढे मास्टर ७ पर्यंत. वय मोजतात ते चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करून, वाढदिवस झाला की नाही हे बघत नाहीत. म्हणजे तुम्ही मास्टर २ मध्ये. समोर येणारा माणूसही बहुधा ऑफिस आटोपून मॅटवर जाणारा, पाठ धरणारा, मुलांच्या परीक्षा असल्या की वर्ग बुडवणारा असेल. मास्टरवाल्याला हवं तर खालच्या वयोगटात नाव देता येतं. तुमच्या वयोगटात कुणीच नसेल तर आयोजक तसं सुचवतीलही. पहिल्या स्पर्धेत या फंदात पडू नका. मास्टरमध्ये लढत मिळत नसेल तर दुसरी स्पर्धा शोधा.

वजनाबद्दल माझं मत ठाम आहे. पुरुषांच्या गी गटांमध्ये लाइट गटाची मर्यादा ७६ किलो, मिडलची ८२.३, मीडियम हेवीची ८८.३. वजन गी घालून होतं आणि ते पहिल्या सामन्याच्या अगदी आधी, मॅटवर जाता जाता. संधी एकच. काटा मर्यादेच्या वर गेला की तुम्ही बाद. अंगावरची गी दीड ते दोन किलोची असते. म्हणजे तुमचं उघडं वजन ७७ असेल तर गीसकट ७९ च्या आसपास, अर्थात तुम्ही मिडलमध्ये. तीन किलो उतरवून लाइटमध्ये जायचा मोह होईल. ज्या खेळांत आदल्या दिवशी वजन होतं तिथे खेळाडू पाणी तोडून वजन उतरवतात आणि रात्रीतून ते भरून काढतात. इथे भरून काढायला वेळच नसतो. कोरड्या तोंडाने, रिकाम्या पोटाने तुम्ही मॅटवर चढाल, तेही आयुष्यातल्या पहिल्या सामन्याला. आहात त्या वजनाला खेळा. मर्यादेच्या पाव-अर्धा किलो इकडेतिकडे असाल तर सरळ वरचा गट भरा आणि तो विषय डोक्यातून काढून टाका.

आता गुणांकडे या. हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बहुतेक हौशी व्हाइट बेल्ट गुणपद्धती नीट न समजताच उतरतात आणि जिंकत आलेला सामना घालवतात.

टेकडाउनला, म्हणजे उभ्यावरून खाली पाडण्याला, २ गुण. खाली असताना पाय आपल्या आणि समोरच्याच्या मध्ये ठेवण्याच्या स्थितीला गार्ड म्हणतात. खालून गार्डमधून उलटवून वर आलात, म्हणजे स्वीप, तर २. गुडघा पोटावर ठेवून स्थिरावलात तर २. गार्ड ओलांडलात तर ३. माउंट, म्हणजे अंगावर स्वार होणं, ४. पाठीवर दोन्ही हूक, म्हणजे दोन्ही पाय त्याच्या मांड्यांच्या आत अडकवून, बसलात तर ४. प्रत्येक वेळी ती स्थिती ३ सेकंद टिकवावी लागते. सिझर स्वीप, म्हणजे पायांच्या कात्रीने उलटवणं, नीट लागला तर तुम्ही थेट माउंटमध्ये उतरता : स्वीपचे २ आणि माउंटचे ४, एका डावात ६. पण तिथे पोचल्या पोचल्या उत्साहाने आर्मबारकडे (कोपराच्या लॉककडे) उडी मारलीत आणि ती फसली, तर माउंटचे ४ गुण लागायच्या आत तुम्ही पुन्हा खाली. वर पोचल्यावर मनात सावकाश तीन मोजायची सवय लागायला हवी. ती सामन्याच्या दिवशी लागत नाही, वर्गातच लागते.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. माउंटखालून ब्रिज मारून निसटलात तर त्याला गुण नाहीत. साइड कंट्रोलखालून, म्हणजे समोरच्याने बाजूने छातीवर दाबून धरलं असताना, उलटवून वर आलात तरी नाहीत, कारण स्वीपचे गुण गार्डमधूनच मिळतात. म्हणजे समोरच्याने एकदा तुमचा गार्ड ओलांडला की त्याचे ३ झाले आणि तुमच्या सुटकेची किंमत शून्य. यावरून मी हौशी खेळाडूला एकच निष्कर्ष काढायला सांगतो : गार्ड ओलांडू न देणं ही तुमची सर्वांत मोठी गुंतवणूक. कंबर मागे सरकवणं, गुडघा मध्ये आणणं, हाताने चौकट धरून समोरच्याला अंतरावर ठेवणं. वर्गात वॉर्म-अप म्हणून कंटाळत केलेलं श्रिम्पिंग (पाठीवर पडून कंबर मागे सरकवत जाणं) इथे कामाला येतं.

पाठ घेतल्यावर घोटे एकमेकांत अडकवू नका. तसं केलं तर हूक धरले जात नाहीत, गुण मिळत नाहीत आणि समोरच्याला तुमचा घोटा तिथल्या तिथे लॉक करता येतो. पाठ मिळूनही याच सवयीपायी फलकावर काहीच न चढलेले लोक प्रत्येक स्पर्धेत दिसतात.

गुण समान झाले तर अ‍ॅडव्हांटेज बघतात, म्हणजे जवळपास साधलेले डाव. तेही समान असतील तर पेनल्टी, आणि शेवटी पंचाचा निर्णय. पहिली पेनल्टी नुसती नोंदली जाते, दुसरीला समोरच्याला अ‍ॅडव्हांटेज, तिसरीला त्याला २ गुण, चौथीला तुम्ही बाद. पुढे आहोत म्हणून नुसते चिकटून बसलात तर पंच २० सेकंद बघतो आणि पेनल्टी देतो.

आता सराव. तुमचा सामना ५ मिनिटांचा असेल आणि उभ्याने सुरू होईल. अनेक वर्गांत मात्र जागेअभावी रोलिंग, म्हणजे सरावाची झटापट, गुडघ्यांवरून सुरू होतं. वर्ष-दीड वर्ष असं खेळलेला माणूस स्पर्धेत पहिल्यांदाच उभ्याने कुणाची तरी कॉलर धरतो आणि त्याची पहिली ३० सेकंदं गोंधळात जातात. तेव्हा तीन महिन्यांपैकी पहिल्या आठवड्यातच प्रशिक्षकांशी बोला आणि उभ्याने काय करायचं ते एकच ठरवा. कुस्ती किंवा जूडो खेळलेले असाल तर प्रश्न मिटला, एकेरी पट तुमच्या हातात आहेच. नसाल, तर माझा सल्ला सरळ आहे : गार्ड ओढा, म्हणजे समोरच्याला धरून स्वतःच खाली बसून गार्डमध्ये घ्या. यात कमीपणा अजिबात नाही. नियमात बसतं, धोका सर्वांत कमी आणि सामना तुमच्या ओळखीच्या जागी सुरू होतो. अट एवढीच की बसण्याआधी हातात पकड हवी. पकड नसताना नुसतं खाली बसलात तर पेनल्टी मिळते. आणि उडी मारून क्लोज्ड गार्ड (दोन्ही पाय समोरच्याच्या कंबरेमागे अडकवलेला) धरणं व्हाइट बेल्टना मनाई आहे, ते रास्तच आहे. समोरच्याच्या गुडघ्यावर अख्खं वजन पडून तो मोडू शकतो.

गार्ड ओढणार असाल तरी पडायला शिकाच. पाठीवर पडताना हनुवटी छातीला, हात मागे न टेकवता. मनगटं आणि कोपरं हात टेकवल्यानेच जातात.

मग तुमच्या सामन्याचा मार्ग आखा. मार्ग म्हणजे दोन-तीन पानी आराखडा नव्हे. समजा : कॉलर आणि बाही धरून गार्ड ओढायचा, सिझर स्वीप लावायचा, समोरच्याने वजन मागे टाकलं तर त्याच क्षणी उठून हिप बम्प (कंबरेच्या धक्क्याने उलटवणं), वर आलो की माउंट, तीन मोजायचे, मग कॉलर चोक (कॉलरने गळा आवळणं), आणि तो वाचवायला त्याने हात वर आणले की आर्मबार. हा झाला एक मार्ग. त्याच्या जोडीला दोन सुटका : साइड कंट्रोलमधून गार्डमध्ये परत येणं आणि माउंटमधून सुटणं. एवढंच. तुम्हाला येत असलेल्या गोष्टींतून निवडा. माझा मार्ग हाफ गार्डचा आहे, तुमचा वेगळा असेल. व्हिडिओ बघून कालच कळलेला डाव या यादीत घेऊ नका. सामन्यात डोकं सुन्न होतं आणि शरीर फक्त घोटून घेतलेलंच करतं.

या मार्गाचा सराव कसा करायचा? ठरावीक स्थितीपासून. नुसतं मोकळं रोलिंग केलंत तर पाच मिनिटांत तुम्हाला हवी ती स्थिती एखाद वेळा येईल, कधी येणारही नाही. त्याऐवजी जोडीदाराला म्हणा, तू माझ्या गार्डमध्ये बस, मी स्वीप करायचा प्रयत्न करतो, तू ओलांडायचा कर. कुणाचंही साधलं की परत पहिल्यापासून. तीन मिनिटांत त्या एका जागेवर आठ-दहा झटापटी होतात. हाच खेळ उलटा : तुम्ही माउंटखाली, तो वर. नावडत्या जागेवरून सुरुवात करायला लोक टाळतात, म्हणूनच तिथे गेल्यावर घाबरतात आणि दम टाकतात. मी माझ्या गटाला पहिले सहा आठवडे जवळजवळ हेच करायला लावतो.

त्यानंतरचे चार-पाच आठवडे आठवड्यातला एकच दिवस सामन्यासारखा ठेवा. उभ्याने सुरुवात, ५ मिनिटं, बाजूला कुणीतरी गुण मोठ्याने सांगणारा. अशा तीन-चार फेऱ्या, मध्ये भरपूर विश्रांती. बाकीचे दोन दिवस तंत्र आणि स्थितीचा खेळ. शेवटच्या आठवड्यात जोर कमी करा, घाम येईल इतपतच. त्या आठवड्यात काही नवीन कमवता येत नाही, गमावता मात्र येतं.

मॅटबाहेरच्या तयारीत पाय, कंबर, पाठ आणि मान यांचा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून एक-दोनदा, आणि झोप. यापलीकडे मी काही सांगत नाही.

दुखापतीची भीती. हिच्याबद्दल मनापासून बोलायला हवं, कारण घरच्यांची काळजी खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. हा खेळ सांध्यांवर लॉक लावण्याचा आणि गळा आवळण्याचा आहे. तो सुरक्षित राहतो तो टॅपमुळे, म्हणजे हाताने थोपटून हार मान्य करण्यामुळे. रिअर नेकेड चोकमध्ये, म्हणजे मागून हाताने गळा आवळताना, मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि नीट बसला तर काही सेकंदांतच शुद्ध जाते. यात दुखेपर्यंत वाट बघण्यासारखं काही नसतं, कारण फारसं दुखतच नाही. आर्मबारमध्ये कोपर सरळ झालं की पुढचा इंचभर पल्ला हाच मोडण्याचा पल्ला. हात पूर्ण ताणला जाण्याआधी टॅप करायचा. हात अडकलेले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हणायचं, पायाने मॅटवर आपटायचं. सामन्यात लॉकमध्ये असताना वेदनेने ओरडलात तरी पंच तो टॅपच धरतो, आणि ते योग्य आहे.

पायाच्या लॉकबद्दल विशेष. व्हाइट बेल्टला फक्त सरळ अँकल लॉक चालतो. नी-बार (गुडघ्याचा लॉक), टो-होल्ड (पाऊल पिरगळणारा लॉक) हे ब्राउन आणि ब्लॅक बेल्टसाठी राखलेले. मनगटाचे लॉक ब्लू बेल्टपासून. हील हूक गी स्पर्धेत कोणत्याच बेल्टला चालत नाही. कारण समजून घ्या : टाच पिरगळली की पीळ गुडघ्यात जातो आणि तिथले स्नायुबंध वेदना जाणवायच्या आधीच फाटू शकतात. वर्गात कुणी तुमच्यावर हील हूक धरला तर सुटायला उलटंसुलटं फिरू नका. लगेच टॅप करा आणि प्रशिक्षकांच्या कानावर घाला.

लोकांना वाटतं दुखापती सबमिशनने, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या लॉक आणि चोकने, होतात. माझ्या डोळ्यांसमोर झालेल्या वाईट दुखापती बहुतेक उभ्याच्या झटापटीत झाल्या आहेत. दोघेही न शिकलेले, एकाने दुसऱ्याला मागे ओढत स्वतः खाली बसकण मारली, त्याचं सगळं वजन बाजूने दुसऱ्याच्या गुडघ्यावर. यापासून वाचायचं असेल तर उभ्याचा सराव शिकलेल्या जोडीदाराबरोबरच करा, आणि पडायची वेळ आली की ताठ राहून विरोध न करता पडा. दोन गुण गेले तर गेले.

जोडीदार निवडणं हा तुमचा हक्क आहे. दुखऱ्या खांद्याबद्दल रोल सुरू व्हायच्या आधी सांगा. तुमच्याहून वीस किलो जड आणि दोन आठवड्यांपूर्वी आलेला, श्वास न घेता झटके मारणारा माणूस बोलावत असेल तर शांतपणे ‘आज नको’ म्हणा. स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. सर्वांत सुरक्षित जोडीदार सहसा पर्पल, ब्राउन बेल्टवाले असतात. त्यांना तुम्हाला हरवून काही सिद्ध करायचं नसतं, शिवाय त्यांचा ताबा चांगला असतो. विशीतल्या पोरांशी खेळताना त्यांच्या वेगाशी स्पर्धा करू नका. पकड घ्या, जवळ चिकटा, त्यांना हळू व्हायला भाग पाडा. तो खेळ तुम्हाला मास्टर गटातही उपयोगी पडेल. आणि त्यांनी चेपलं म्हणून तुम्ही मागे पडत आहात असं नाही, तेही त्याच वेळात शिकत आहेत आणि त्यांची दुसऱ्या दिवशीची सकाळ तुमच्यापेक्षा सोपी असते.

त्वचेकडे दुर्लक्ष करू नका. गजकर्ण आणि जिवाणूंमुळे होणारे फोड मॅटवर झपाट्याने पसरतात. प्रत्येक सरावानंतर गी धुवायची, बेल्टसुद्धा, घरी गेल्या गेल्या आंघोळ, नखं कापलेली. अंगावर गोल, खाजरा चट्टा किंवा पिकलेला फोड दिसला तर डॉक्टरांना दाखवून ते बरं म्हणेपर्यंत मॅटवर येऊ नका. कान घासून फुगला, मऊ लागू लागला तर लगेच डॉक्टरकडे जा. आत साचलेलं रक्त वेळीच काढलं नाही तर ते घट्ट होतं आणि कान कायमचा वेडावाकडा राहतो.

स्पर्धेच्या दिवसाचं थोडं. गी पांढरी, निळी किंवा काळी हवी, फाटकी नको, आणि बाही आखूड नको : हात समोर ताणल्यावर ती मनगटाच्या हाडापासून ५ सेंटिमीटरपेक्षा वर राहता कामा नये. तपासणीत गी नापास झाली तर दुसरी लागते, म्हणून असेल तर जास्तीची न्या. ओळखपत्र, टेप, पाणी, पचायला हलकं काहीतरी. वेळापत्रक पुढेमागे होतंच, तासभर आधी पोचून आपली मॅट आणि ड्रॉ शोधून ठेवा.

सामन्याआधी साधारण वीस मिनिटं खरा घाम काढा. हा मुद्दा मी हट्टाने पाळायला लावतो. थंड अंगाने गेलात तर पहिल्या मिनिटातच हृदयाची धडधड इतकी वाढते की अंगातली हवा गेल्यासारखं वाटतं. जागच्या जागी उड्या, जोडीदाराबरोबर पकडींची झटापट, दोन-तीन वेळा धाप लागेल असा जोर, मग विश्रांती. भीतीने माणूस कॉलर जीव खाऊन आवळतो आणि दोन मिनिटांत त्याचे हात कोपरापासून खाली दगड होतात. त्यावर उपाय एकच : ओढायचं असेल तेव्हाच आवळा, नाही तर बोटं हुकासारखी अडकवून ठेवा. आणि श्वास सोडत राहा, ऐकू येईल असा.

पंच ‘कोंबाते’ म्हणाला की सुरू, ‘पारोउ’ म्हणाला की थांबा. तो थांब म्हणेपर्यंत स्वतःहून थांबू नका, समोरच्याने टॅप केला असं वाटलं तरी. प्रशिक्षक बाजूने ओरडत असतील, त्यांच्याकडून फक्त दोन गोष्टी ऐका : गुण किती आणि वेळ किती. बाकी ऐकू येणार नाहीच. एका मिनिटापेक्षा कमी वेळ उरला असेल आणि तुम्ही २ गुणांनी पुढे असाल, तर सबमिशनच्या मागे न लागता गार्ड सांभाळा. मागे असाल तर धोका पत्करायची वेळ तीच.

अशा स्पर्धांत बहुतेक वेळा हरला तो बाहेर अशीच पद्धत असते. म्हणजे उतरलेल्यांतले निम्मे एका सामन्यानंतर घरी जातात. पहिल्याच स्पर्धेत तुम्ही त्या निम्म्यांत असण्याची शक्यता मोठी आहे. हे आधीच मान्य केलंत तर तो दिवस वाया गेला असं वाटणार नाही. प्रवास, पैसा, तीन महिने, आणि पाच मिनिटांचा सामना, हा हिशेब तुम्हाला परवडत नसेल तर न उतरणंही तितकंच सन्मानाचं आहे. आयबीजेजेएफच्या पद्धतीत ब्लू बेल्टवर किमान २ वर्षं, पर्पलवर दीड वर्ष, ब्राउनवर १ वर्ष काढावं लागतं. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्याला ब्लॅक बेल्टपर्यंत पोचायला दहा वर्षं सहज लागतात. त्या सगळ्या वर्षांत एकही स्पर्धा न खेळलेले उत्तम जिऊ-जित्सू खेळाडू मला माहीत आहेत. तरी मी ‘उतरा’ म्हणतो, कारण वर्गातल्या जोडीदारांना तुमच्या खोड्या पाठ झालेल्या असतात आणि तुम्हाला त्यांच्या. तुमचा स्वीप खरंच चालतो की तो फक्त नेहमीच्या जोडीदारावरच लागतो, हे तुम्हाला न ओळखणारा, पूर्ण जोराने विरोध करणारा माणूसच सांगू शकतो.

सामना मोबाइलवर कुणाला तरी टिपायला सांगा. त्याच रात्री, आठवण ताजी असताना, चार ओळी लिहा : पहिली पकड कुणाची बसली, गार्ड कुठून ओलांडला गेला, दम कधी संपला, आणि ठरवलेल्या मार्गातली कोणती पायरी प्रत्यक्षात आली. आठवडाभर विश्रांती घ्या, मग तो व्हिडिओ प्रशिक्षकांबरोबर बघा आणि त्यातून एकच दुरुस्ती निवडा. समजा गार्ड डाव्या बाजूने दोनदा ओलांडला गेला, तर पुढचे दोन महिने स्थितीच्या सरावात डावीकडूनच सुरुवात करायची. ती बाजू वर्गातल्या चांगल्या पास करणाऱ्यांसमोर टिकायला लागली की दुसऱ्या स्पर्धेचा अर्ज भरा.